सरळ न करता येणारी चादर

जांभळा दिवा लागला आणि पुन्हा तीच हिरवी रेघ चमकली.

"झालं! पुन्हा!" पर्णा ओरडली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

रेघ काही मोठी नव्हती. करंगळीच्या नखाएवढी असेल. पण जिथं असायला नको नेमकी तिथं होती. ऑपरेशनच्या टेबलावर रबराचा एक पुतळा उताणा झोपवला होता. त्याच्या अंगावर निळी चादर चिकटवलेली होती. चादरीच्या मध्यभागी पंजाएवढी खिडकी कापलेली होती आणि त्या खिडकीतून दिसणाऱ्या रबरी कातडीवर ती हिरवी रेघ सगळ्यांना वाकुल्या दाखवत होती.

हा सगळा उद्योग चालला होता 'टिटवी'वर. टिटवी म्हणजे दवाखान्याची बोट. २०७१ साली कोयनेच्या जलाशयाच्या काठाकाठानं वसलेल्या गावांना रस्त्यानं मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा डोंगर पालथा घालावा लागे, म्हणून दवाखानाच पाण्यावरून गावोगाव जायचा. उन्हावर चालणारी बोट, आत लहानसं ऑपरेशनचं दालन, ऑपरेशन करायला डॉक्टर काझीबाई आणि त्यांच्या मदतीला रंगनाथ नावाचा यंत्रमानव. सगळं झकास चाललं होतं. मग हिवाळ्यात दोघा पेशंटांच्या जखमा चिघळल्या. दोघंही बरे झाले, पण वरून हुकूम आला : जखमेत जंतू कुठून शिरतात ते शोधा, चाचणी लागोपाठ तीनदा पास करा, तोवर टिटवीवर ऑपरेशन बंद. तेव्हापासून बिचारी टिटवी खोकल्याच्या गोळ्या वाटत फिरत होती.

म्हणून पर्णाच्या आजोबांना पुण्याहून बोलावलं होतं. डॉक्टर दिनकर सोनटक्के, तिच्या आईचे वडील. ते पदार्थशास्त्रज्ञ (कोणती वस्तू कशाची आणि कशी बनवावी, याचा अभ्यास करणारे) होते आणि ही निळी चिकट चादर त्यांनीच बनवली होती. ते आले, त्यांनी मिशीला पीळ दिला, "दोन दिवसांचं काम!" म्हणाले, आणि आता महिना होत आला होता.

यात पर्णाचा जीव इतका का वर-खाली होत होता? कारण तिचे बाबा. टिटवी चालवायचे तेच. त्यांना हर्निया झाला होता (पोटाच्या आतल्या भिंतीला भोक पडून आतडं बाहेर डोकावतं, ते दुखणं). जांघेत लिंबाएवढा फुगवटा यायचा आणि आडवं झाल्यावर आत जायचा. डॉक्टर काझीबाईंनी बजावलं होतं, की एखाद्या दिवशी आतडं बाहेरच अडकून बसलं तर जिवावर बेतेल, तेव्हा ऑपरेशन लवकर उरका. तर बाबा काय म्हणाले असतील?

"करीन तर टिटवीवरच करीन. माझ्याच बोटीवर माझा विश्वास नाही म्हटल्यावर गावातलं कोण चढेल हिच्यावर?"

आई रडली, रागावली, अबोला धरून बसली. बाबा ढिम्म. मोठ्या माणसांच्या हट्टाला कुणी काय करायचं, सांगा!

"आजोबा, ही पावडर आत जातेच कशी?" पर्णा वैतागून म्हणाली. "चादर चिकटलेली आहे. दाबून झाल्यावर मी स्वतः ओढून पाहिली. हलतसुद्धा नाही."

ती पावडर म्हणजे खोटे जंतू. चाचणीच्या आधी पुतळ्याच्या अंगभर ती चोपडायची आणि मग मधला ऑपरेशनपुरता भाग औषधानं स्वच्छ पुसायचा. साध्या उजेडात पावडर दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली मात्र हिरवी चमकते. चादर घातल्यावर खिडकीत हिरवं काहीच दिसता कामा नये. खिडकीत पावडर शिरली, तर खऱ्या पेशंटच्या वेळी त्याच वाटेनं जंतू शिरणार, हे उघड आहे.

"तेच तर कळत नाहीये!" आजोबा पुटपुटले.

"मग खड्ड्यात गेली ती चादर! आईच्या कपाटातली सुती चादर आणा. उकळा आणि वापरा."

आजोबांनी खिशातला धुतलेला रुमाल काढून स्वतःच्या तळव्यावर पसरला आणि कपातला उरलेला चहा त्यावर ओतला. रुमाल उचलला, तर तळवा चहानं माखलेला.

"बघितलंस? कापड म्हणजे उभे-आडवे धागे आणि मध्ये भोकंच भोकं. कोरडं असेल तोवर ठीक. ओलं झालं, की वरचा चहा खाली आणि खालचा वर. ऑपरेशनमध्ये रक्त सांडतं, पाणी सांडतं. जंतूंना पाय नसतात गं, पण अशी ओली वाट मिळाली की ते आरामात पलीकडे जातात. आता हिच्याकडे बघ." त्यांनी निळ्या चादरीचा एक तुकडा फाडून तिच्या हातात दिला. "ही विणलेली नाही. केळीच्या खोडातले तंतू दाबून, थापून बनवलेली आहे. वरचा थर पाणी पितो. मधला थर म्हणजे अगदी पातळ पापुद्रा, तो पाणी आरपार जाऊ देत नाही. खालचा थर मऊ, अंगाला बोचू नये म्हणून. खिडकीच्या कडेनं खालून डिंकाची पट्टी. डिंकावरचा कागद सोलून अंगावर दाबली, की खिडकीभोवती कुंपण तयार. कुंपणाच्या आत निर्जंतुक (ज्यावर एकही जिवंत जंतू नाही असं), बाहेर आपलं नेहमीचं जग. काम झालं, की ही सगळी घाण पोटात घेऊन एकदाच जाळायला जाते. पुन्हा वापरायची नाही."

"कुंपण इतकं चांगलं आहे, तर चोर आत कसा येतो?"

आजोबांनी मिशी चावायला सुरुवात केली.

शेवटी पर्णाच रंगनाथकडे वळली. त्याच्या डोळ्यांत कॅमेरा होता आणि आपण काय काय केलं ते तो पडद्यावर दाखवू शकायचा. "सकाळचं दाखव. सावकाश दाखव."

पडद्यावर रंगनाथचे करडे हात आले. त्यांनी कागद सोलला. चादर अलगद खाली उतरवली. तेवढ्यात बाहेरून एखादी होडी गेली असावी, टिटवी जराशी हलली आणि चादर दोन बोटं तिरकी बसली. फार नाही, दोनच बोटं. खिडकी बरोबर जागेवर होती. मग पडद्यावरच्या एका हातानं चादरीचं टोक चिमटीत धरून उचललं, हळूच ओढलं आणि पुन्हा दाबलं.

"हे काय केलंस रे?"

"सरळ केली, पर्णाताई," रंगनाथ नम्रपणे म्हणाला. "वाकडी होती."

आजोबा ताडकन उठले. "अरे देवा! अरे गाढवा!"

"मी यंत्रमानव आहे, आजोबा," रंगनाथ म्हणाला.

पर्णाला मात्र अजून उजेड पडला नव्हता. मग आजोबांनी तिला बोटीच्या स्वयंपाकघरात ओढत नेलं. ओट्यावर पीठ भुरभुरलं, मधोमध ताटाएवढी जागा ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केली, आणि त्यावर एक रुमाल असा ठेवला, की त्याची कड पिठावर टेकली.

"रुमालाच्या खालच्या बाजूला काय लागलं?"

"पीठ."

"आता हा मी सरळ करतो." त्यांनी रुमाल आतल्या बाजूला दोन बोटं सरकवला आणि उचलला. पुसलेल्या जागेत पिठाची पांढरी रेघ उमटली होती, अगदी त्या हिरव्या रेघेसारखी.

आता पर्णाला समजलं. चादर एकदा अंगाला टेकली, की तिची खालची बाजू पुसलेल्या जागेबाहेरच्या अंगाला लागते आणि मळते. मग ती आत सरकवायची म्हणजे जंतूंना हाताला धरून घरात आणायचं. डिंक तर आणखी वाईट, त्याला सगळंच चिकटतं. म्हणून नियम एकच : जिथं बसली तिथं बसली. जराशी तिरकी असेल तर तिरकीच राहू द्यायची. फारच चुकली असेल तर काढून फेकायची, अंग पुन्हा पुसायचं, नवी चादर घ्यायची.

"हात्तिच्या! एवढंच ना?" पर्णा म्हणाली. "सांगून टाका रंगनाथला, ओढायचं नाही."

एवढंच! पुढचे दिवस आठवले तरी पर्णाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आजोबांनी चादरीच्या कडेनं लाल ठळक अक्षरं छापली : चादर ओढू नये. दुसऱ्या दिवशी रंगनाथनं चादर घातली, वाचली आणि ओढली. का? तर म्हणे अक्षरं तिरकी दिसत होती, ती वाचायला सोपी जावीत म्हणून!

मग त्याच्या स्मृतीत नियम घातला. रंगनाथ शिकला होता लाखो घरांतली कामं बघून. पलंगपोस, टेबलक्लॉथ, पंगतीतल्या पट्ट्या, सतरंज्या. त्या सगळ्या चित्रफितींत वाकडी चादर दिसली, की माणसाचा हात जाऊन ती सरळ करतोच. लाखो वेळा बघितलेलं एका नियमानं कसं पुसलं जाणार? तरी त्यानं प्रयत्न केला. चादर तिरकी बसली, त्याचा हात पुढे आला, अर्ध्यात थांबला आणि मागे गेला. पर्णा टाळ्या वाजवणार, तेवढ्यात डॉक्टर काझीबाईंनी पलीकडून टोक धरून चादर सरळ केली.

"डॉक्टर! तुम्हीसुद्धा?" पर्णा जवळजवळ रडकुंडीला आली.

काझीबाई आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. "अगं, मला नियम पाठ आहे. मी तो शिकवते. पण बोट हलते, चादर तिरकी बसते आणि माझं लक्ष नसताना हात जातो बघ. हिवाळ्यात या दोन हातांनीच..."

मग आजोबांनी डिंक वाढवला, इतका की टेकली की हलूच नये. रबराच्या पुतळ्यावर घालायच्या आधी स्वतःच्या हातावर लावून बघितला आणि सोलताना असे बोंबलले, की बाबा इंजिन बंद करून धावत आले. हातावर केस म्हणून उरला नव्हता, कातडीही लालबुंद झाली होती. म्हाताऱ्या माणसाची, लहान बाळाची कातडी तर निघूनच आली असती. तो डिंक गेला पाण्यात. म्हणजे पाण्यात टाकला नाही हं, जाळायच्या डब्यात टाकला.

आणि त्याच दुपारी बाबा दोर ओढता ओढता मटकन खाली बसले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. डॉक्टर काझीबाईंनी त्यांना आडवं केलं, बराच वेळ हलक्या हातानं दाबून फुगवटा आत घातला आणि घाम पुसत म्हणाल्या, "या वेळी गेला. पुढच्या वेळी जाईलच असं नाही. उद्या सकाळी चाचणी घ्या. पास झाली तर उद्याच ऑपरेशन, इथं. नाही झाली तर साताऱ्याला न्यायचं, हातपाय बांधून न्यावं लागलं तरी."

"मी नाही जायचा," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मामा, तुमची चादर चालवा तेवढी."

"जावईबापू, चादर चालते हो! माणसं चालत नाहीत!" आजोबा कडाडले.

पर्णाला बाबांचा इतका राग आला, की त्यांच्या पायाशी बसून ती हमसून हमसून रडली. इतकी माणसं जाणती, शिकलेली, आणि एक चादर तिरकी राहू देता येत नाही! बाबांचा जीव त्या दोन बोटांवर टांगला होता.

सकाळी सगळे पुतळ्याभोवती जमले. पर्णानं कडक शब्दांत सांगितलं, "डॉक्टर, हात मागे बांधा. रंगनाथ, चादर टेकली की दोन पावलं मागे हो." दोघांनी ऐकलं. कागद सोलला, चादर उतरली, टिटवी हलली, चादर तिरकी बसली. रंगनाथ मागे सरला. काझीबाईंचे हात पाठीमागेच होते. पर्णानं श्वास रोखला. जमलं! आणि इतक्यात, "अगदी असंच, शाबास, अगदी असंच," असं पुटपुटत आजोबांनी चादरीचं टोक धरलं आणि हळूच सरळ केलं.

आजोबांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. दिवा लावायचीसुद्धा गरज नव्हती.

पर्णाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं ट्रेमधली मोठी कात्री उचलली आणि पुतळ्यावरच्या चादरीचं एक टोक कराकरा कापून टाकलं. मग दुसरं. मग तिसरं आणि चौथं. मग कडासुद्धा. "घ्या! ओढा आता! काय सरळ करायचं ते करा! ना टोक राहिलं, ना कड! करा ना सरळ!" ती कापत राहिली, वेडीवाकडी, गोल गोल, डोळ्यांत पाणी आणि समोर नीट दिसत नाही अशी. शेवटी कात्री टाकून हुंदके देत उभी राहिली.

टेबलावर अळूच्या पानासारखं काहीतरी वेडंवाकडं निळं पसरलं होतं.

रंगनाथ पुढे झाला. मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे. हात वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"पर्णाताई," तो म्हणाला, "ही वाकडी आहे की सरळ, मला कळत नाही."

"मलासुद्धा," काझीबाई हळूच म्हणाल्या.

आजोबा टेबलाभोवती फिरून आले. एकदा, मग पुन्हा एकदा. आणि मग ते इतक्या मोठ्यानं हसले, की पर्णा दचकली.

"अगं पोरी! आपला डोळा काय करतो? चादरीची कड बघतो, टेबलाची कड बघतो, आणि दोन्ही रेघा एकमेकींशी जुळतात का ते ताडतो. जुळल्या नाहीत, की हात जातो. आपण इतके दिवस काय केलं? हातांना शिकवत बसलो. अक्कल गहाण टाकली होती मी! चादरीला रेघच नसेल, तर जुळवणार काय? डोळ्याला वाकडं दिसणारच नाही आणि हाताला कामच उरणार नाही!"

"म्हणजे... मी चादर खराब नाही केली?"

"ही एक केलीस," आजोबा म्हणाले. "बाकीच्या वाचवल्यास."

त्यानंतर टिटवीवर जी धांदल उडाली ती विचारू नका. आजोबांनी बोटीवरच्या कापायच्या यंत्राला नवा आकार दिला : कड पानासारखी लाटालाटांची, कुठंही सरळ रेघ नाही, अक्षर नाही, किनार नाही. खिडकीही गोल. टेबलाच्या बाजूला चादर कमी-जास्त लोंबेल अशी, म्हणजे तिथंही मापाला जागा नको. घडी घालताना मात्र त्यांच्या नाकी नऊ आले, कारण गोल चादर नीट घडी घालून घेत नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत दुमडत आणून खिडकी सगळ्यात खाली ठेवली, म्हणजे आधी खिडकी टेकवायची आणि मग बाकीची बाहेरच्या बाजूला उलगडायची, आत कधीच नाही. घड्या पाकिटांत बंद झाल्या, निर्जंतुक करायच्या पेटीतून गेल्या आणि जेवणाच्या सुमारास तयार झाल्या.

पहिली चाचणी. चादर बसली, कुणाचाही हात गेला नाही. जांभळा दिवा लागला. खिडकी काळीभोर. दुसरी, काळीभोर. तिसऱ्या वेळी पर्णानं मुद्दाम बोटीच्या कडेवर उड्या मारून बोट हलवली, चादर चांगलीच फिरून बसली. तरी सगळे निवांत उभे. काळीभोर!

दुपारी बाबांना आत नेलं. पर्णा काचेच्या खिडकीला नाक लावून उभी राहिली. बाबांच्या कमरेखालचा भाग बधिर केला होता, पण ते जागे होते आणि काझीबाईंना बोट कशी सांभाळायची ते सांगत होते. अंगाला तपकिरी औषध लावून झालं. आता काझीबाई नुसत्याच उभ्या. पर्णा बाहेर चडफडू लागली. "आता काय झालं? घाला ना चादर!"

"औषध वाळू दे," आजोबा म्हणाले. "ओल्या अंगावर डिंक धरत नाही."

वाळलं. चादर उतरली. तेवढ्यात वारा आला आणि टिटवी डुलली. चादर कशी बसली? सरळ की वाकडी? ते कुणालाच ठाऊक नाही. रंगनाथनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचं अवजार उचललं.

पट्टी काढायच्या दिवशी पर्णाला बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"लाल आहे?" तिनं विचारलं.

"नाही," काझीबाई म्हणाल्या.

"सूज?"

"नाही."

"पू? पाणी? काहीतरी असेलच, नीट बघा ना!"

"काही नाही गं बाई. काहीच नाही."

पर्णा वळली. बाबांच्या जांघेवर एक बारीक, कोरडी, शांत रेघ होती. बस्स. इतका आटापिटा, इतकी रडारड, आजोबांच्या हातावरचे केस, आणि त्या सगळ्याचं फळ काय, तर काहीही झालं नव्हतं. जंतू आले नव्हते, ताप चढला नव्हता, कुणाला काही कळलंसुद्धा नव्हतं.

"एवढ्यासाठी महिनाभर माझा जीव खाल्लात तुम्ही सगळ्यांनी!" ती ओरडली आणि बाबांच्या गळ्यात पडली.

बाहेर धक्क्यावर माणसं येऊन उभी राहिली होती. कुणाची गाठ, कुणाचा मोतीबिंदू, एकीच्या कडेवर लहान बाळ. सगळ्यांनी बाबांना आपल्या पायांनी चालत बाहेर येताना बघितलं. मग बाळाची आई चप्पल काढून टिटवीवर चढली. आजोबांनी त्या बाळाच्या इवल्याशा पोटाकडे बघितलं, आपल्या निळ्या चादरीकडे बघितलं आणि पर्णाला हाक मारली.

"पर्णे, कात्री आण. याच्या मापाची करायला हवी."